उघड्या अंगाचे वीर

मागील दिवाळीच्या सुटींत माझा पुतण्या आमच्याकडे राहावयास आला होता. वय अकरा वर्षांचें. कपाटांतील ग्रीक व रोमन शिल्पकलेवरील एक जाडजूड पुस्तक त्याच्या हातीं लागलें, आणि तें चाळतां चाळतां एका चित्रापाशीं तो बराच वेळ थांबला. जमिनीवर कोसळलेला एक धिप्पाड पुरुष उजव्या हातावर शरीराचा भार तोलून बसला आहे. मान खालीं झुकली आहे. उजव्या कुशींतील जखमेतून रक्ताचे थेंब ओघळत आहेत. केस राठ, वरच्या ओठावर मिशी, गळ्यांत आपल्याकडील हांसळीसारखें पिळाचें कडें. अंगावर वस्त्र म्हणून कांहीं नाहीं. “काका, हा माणूस असाच लढाईला गेला होता?” मुलानें विचारलें. मी कांहीं तरी वाचीत होतों. “ते रानटी लोक, असेच लढत असत,” असें बोलून मी पुन्हां पुस्तकांत डोकें घातलें.

मुलाचें समाधान झालें व त्यानें पान उलटलें. माझें समाधान मात्र त्या क्षणापासून गेलें तें गेलें. एका वाक्यांत मी दोन निकाल देऊन टाकले होते. ते लोक असे लढत असत, हा पहिला. तो इतिहासाचा प्रश्न होता, व त्याचें उत्तर मला नीट ठाऊक नव्हतें. ते रानटी होते, हा दुसरा. आणि तो पहिल्यापासून आपोआप निघतो असें मी गृहीत धरलें होतें. ज्यांनीं आपल्या युद्धांचा वृत्तान्त स्वतः लिहून ठेविला नाहीं, ज्यांच्याविषयीं आपणांस जें कांहीं कळतें तें त्यांना जिंकणारांच्या लेखणींतून, अशा लोकांना मी एका मुलासमोर, त्यांची बाजू न ऐकतां, दोषी ठरवून मोकळा झालों होतों. पुढें कांहीं आठवडे मी तीं जुनीं पुस्तकें पुन्हां काढून बसलों. त्यांत जें आढळलें तें येथें मांडतों.

प्रथम त्या पुतळ्याचीच साक्ष घेऊं. ‘मरणोन्मुख गॉल’ या नांवानें तो आज प्रसिद्ध आहे व रोम येथील कॅपिटोलाइन संग्रहालयांत आहे. आशिया मायनरमधील पर्गॅममचा राजा पहिला अॅटॅलस यानें तेथील गॅलेशियन लोकांवर, म्हणजे पूर्वेकडे जाऊन वसलेल्या केल्ट लोकांवर, मिळविलेल्या विजयाचें स्मारक म्हणून ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीस जे ब्राँझचे पुतळे उभारले, त्यांपैकीं एकाची ही संगमरवरी रोमन प्रतिकृति, असें बहुतेक तज्ज्ञ मानतात. सतराव्या शतकांत रोममधील लुडोव्हिसी घराण्याच्या संग्रहांत ही मूर्ति प्रथम नोंदलेली आढळते. त्यानंतर दीर्घकाळ लोक तिला ‘मरणोन्मुख ग्लॅडिएटर’ म्हणत, व बायरननें आपल्या काव्यांत तिला ग्लॅडिएटर समजूनच अश्रु ढाळले. म्हणजे हा उघडा पुरुष कोण, हेंहि पाहणारांनींच ठरविलें. एका काळीं एक, दुसऱ्या काळीं दुसरें.

परंतु त्याच्या नग्नतेवरून कांहीं सिद्ध होतें काय? मला वाटतें, फारच थोडें. ग्रीक शिल्पकार आपल्या देवांना, आपल्या वीरांना, आपल्या मल्लांनाहि विवस्त्रच घडवीत. तेवढ्यावरून ग्रीक सैनिक नागडे लढत असत असें कोणी म्हणत नाहीं. उलट त्यांचीं चिलखतें व शिरस्त्राणें संग्रहालयांतून रांगेनें मांडलेलीं आपण पाहतों. आपल्या वीराची नग्नता ती ‘आदर्श’, आणि परक्याची ती ‘रानटीपणा’, हा न्याय कोठला? गळ्यांतील कडें, मिशी व राठ केस मात्र शिल्पकारानें पाहून घडविलेले दिसतात. कारण त्याच्या स्वतःच्या परंपरेंत तें कांहींच नव्हतें. कड्याविषयीं ही मूर्ति विश्वासार्ह आहे, कपड्यांविषयीं नाहीं.

आतां लेखक. यांत सर्वांत वजनदार साक्ष पॉलिबियसची, व ती टेलामनच्या लढाईविषयीं आहे. ख्रिस्तपूर्व २२५ सालीं उत्तर इटलींतील इन्सुब्रीस व बोई या केल्ट जमाती, आणि त्यांनीं आल्प्स पर्वत व ऱ्होन नदीच्या प्रदेशांतून द्रव्य देऊन बोलाविलेले गेसाटी नांवाचे योद्धे, दक्षिणेकडे रोमच्या रोखानें उतरले. लूट घेऊन परतत असतां एट्रूरियाच्या किनाऱ्यावर, टेलामनजवळ, ते दोन रोमन सैन्यांच्या मध्यें सांपडले. एक कॉन्सल पाठीवर होताच; दुसरा सार्डिनियाहून येऊन पीसा येथें उतरला होता, तो समोरून आला. तेव्हां केल्टांनीं पाठीला पाठ लावून दोन्हीं दिशांना तोंडें केलीं. पॉलिबियस सांगतो, इन्सुब्रीस व बोई यांनीं आपल्या विजारी घातल्या होत्या व अंगावर हलकीं पांघरुणें घेतलीं होतीं. गेसाटींनीं मात्र अंगावरचें सर्व काढून टाकलें आणि केवळ शस्त्रें घेऊन ते सैन्याच्या अघाडीला उभे राहिले.

हें वाक्य मी पुन्हां पुन्हां वाचलें. यांत ‘केल्ट नागडे लढत’ असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. एकाच रणांगणावर, एकाच पक्षाकडे, कांहीं केल्ट पूर्ण पोशाखांत होते व कांहीं नव्हते. आणि जे नव्हते त्यांनीं तो *काढला*. पॉलिबियस त्याचीं कारणेंहि दोन देतो. एक, कीर्तीची हौस व आत्मविश्वास. दुसरें, त्या जागीं कांटेरी झुडुपें दाट होतीं. वस्त्रें त्यांत अडकून शस्त्र चालविण्यास अडथळा होईल असें त्यांना वाटलें. मानवी स्वभावाचा अनुभव असलेल्या कोणालाहि हीं दोन कारणें एकत्र नांदतांना पाहून आश्चर्य वाटणार नाहीं. माणूस मोठी गोष्ट करतो तेव्हां तिच्यासाठीं एक लहानसें व्यवहारी निमित्तहि हाताशीं ठेवतो.

पॉलिबियसचा जन्म या लढाईनंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं झाला. त्यानें तें दृश्य पाहिलें नव्हतें. परंतु फेबियस पिक्टर हा रोमन इतिहासकार, ज्याच्या ग्रंथाचा त्यानें या भागांत आधार घेतला असावा असें विद्वान् समजतात, त्या युद्धाचा समकालीन होता. शिवाय पॉलिबियस स्वतः घोडदळाचा अधिकारी होऊन गेलेला. रणांगणाची जागा, शस्त्रांची लांबी, ढालीचा आकार यांकडे त्याचें लक्ष असे. केवळ चमत्कार म्हणून तो हें सांगत नाहीं. पुढें काय झालें तेंहि तो नेमकें सांगतो. रोमन भालाफेके पुढें सरसावले व त्यांनीं भाल्यांचा वर्षाव केला. मागच्या केल्टांना विजारींचा व पांघरुणांचा तेवढा तरी आसरा मिळाला. पुढच्या उघड्या योद्ध्यांना कांहींच नव्हता. त्यांची ढाल सबंध शरीर झांकण्याइतकी मोठी नसे. त्यामुळें माणूस जितका धिप्पाड, तितका तो अधिक सांपडे. दूर उभ्या असलेल्या शत्रूला हात लावतां येईना, तेव्हां कांहीं जण संतापून तसेच धांवत सुटले व मेले. कांहीं पावलापावलानें मागें हटले, आणि त्यांच्या मागच्या फळीचा धीर त्यांनींच खचविला.

येथवर एका लेखकाची साक्ष. ती स्वीकारण्यास मला अडचण दिसत नाहीं. परंतु इतर ठिकाणीं हीच गोष्ट सांगितली जाते तेव्हां शब्दांची फार मोठी गफलत उभी राहते, व तिच्याकडे थोडें थांबून पाहिलें पाहिजे. ग्रीक भाषेंतील जो शब्द या प्रसंगीं येतो, त्याचा अर्थ पूर्ण नग्न असाहि होतो, आणि अंगांत केवळ एक सदरा असलेला किंवा चिलखत नसलेला असाहि होतो. लॅटिन शब्दाचीहि हीच कथा. सीझर ख्रिस्तपूर्व ५८ मधील लढाईविषयीं लिहितो कीं, रोमन भाले हेल्व्हेशियन लोकांच्या ढालींत रुतून बसले, तेव्हां पुष्कळांनीं हात झाडून झाडून शेवटीं ढाली टाकून दिल्या व ‘नग्न’ शरीरानें लढणें पसंत केलें. त्या धुमश्चक्रींत ते कांहीं कपडे उतरवीत बसले नव्हते. ढालीचा आडोसा गेला, एवढाच तेथें अर्थ आहे.

मराठी माणसाला हें समजावयास परकी भाषा शिकण्याची गरज नाहीं. आपण म्हणतों, ‘तो उघडाबंब बसला होता’. त्याच्या कमरेला धोतर असतें. ‘उघड्या अंगानें नांगर धरतो’ म्हटलें कीं आपणांस लंगोटी किंवा गुडघ्यापर्यंतचें धोतर दिसतें. एखाद्या परदेशीयानें आपलीं जुनीं पत्रें वाचून ‘हे लोक नागवे होऊन शेती करीत’ असें लिहून ठेविलें, तर आपण हंसूं. केल्टांच्या वतीनें हंसणारा कोणी उरला नाहीं.

उदाहरणें घ्या. ख्रिस्तपूर्व २१६ मध्यें कॅनी येथें हॅनिबलच्या सैन्यांत गॉल लोक होते. पॉलिबियस त्यांना उघडे म्हणतो. लिव्ही त्याच लढाईचें वर्णन करतांना ते बेंबीच्या वर उघडे होते असें स्पष्ट लिहितो. दुसरें उदाहरण याहून मौजेचें आहे. लिव्हीच्या गणनेप्रमाणें ख्रिस्तपूर्व ३६१ मध्यें आनिओ नदीच्या पुलावर एका प्रचंड गॉलानें रोमनांना द्वंद्वाचें आव्हान दिलें. टायटस मॅन्लियस या तरुणानें त्याला मारून त्याच्या गळ्यांतील कडें काढून घेतलें, व त्यावरून त्याच्या घराण्याला टॉर्क्वेटस हें नांव पडलें. क्लॉडियस क्वाड्रिगेरियस या जुन्या लेखकाच्या वर्णनांत हा गॉल ढाल, दोन तरवारी, गळ्यांतील कडें व दंडांतील वाक्या यांखेरीज नग्न आहे. लिव्हीनें तोच गॉल बहुरंगी वस्त्र नेसवून व सोन्यानें मढविलेलीं शस्त्रें देऊन उभा केला आहे. गॉल एक, पूल एक, द्वंद्व एक. कपडे लेखकाच्या मर्जीप्रमाणें. ज्याला शत्रूचा उद्दामपणा दाखवावयाचा त्यानें ते काढले. ज्याला शत्रूचा डामडौल दाखवावयाचा त्यानें ते चढविले. दोघांनाहि आपल्या साध्या, नीटनेटक्या रोमन तरुणाचें तेज वाढवावयाचें होतें.

मग ही सारी कल्पनाच म्हणावी काय? नाहीं. तसें म्हणण्याचा मोह मला मध्यें झाला होता. कारण रानटी म्हटल्याचें प्रायश्चित्त म्हणून त्यांना कपडे चढविणें फार सोपें होतें. परंतु हाताशीं असलेला पुरावा तसें करूं देत नाहीं. डायोडोरस लिहितो कीं, कांहीं केल्ट लोखंडी कड्यांचें चिलखत वापरीत, तर कांहीं निसर्गानें दिलेल्या चिलखतावरच समाधान मानून उघडे लढत. एकाच वाक्यांत चिलखत व नग्नता यांचा असा उल्लेख करणाऱ्या माणसाला दोहोंतील भेद ठाऊक असला पाहिजे. आणि खुद्द केल्टांच्या हातची साक्षहि आहे. जर्मनींत स्टुटगार्टजवळ हिर्शलांडेन येथील एका दफनाच्या उंचवट्यापाशीं १९६२ सालीं एक दगडी योद्धा सांपडला. ख्रिस्तपूर्व ५०० च्या सुमाराचा. उंची सुमारें दीड मीटर. डोक्याला निमुळती टोपी, गळ्यांत कडें, कमरेला पट्टा व खंजीर; बाकी सर्व नग्न, आणि ती नग्नता लपविण्याऐवजीं ठासून दाखविलेली. हा पुतळा कोणा शत्रूनें हिणविण्यासाठीं घडविलेला नव्हे. तो त्यांच्याच एका मोठ्या मृताच्या सन्मानार्थ उभारलेला असावा. उलट फ्रँकफुर्टजवळ ग्लाउबेर्ग येथें १९९६ मध्यें मिळालेला तसाच दगडी सरदार चिलखतांत आहे व त्याच्यापाशीं ढाल आणि तरवार आहे. तेव्हां कांहीं केल्ट, कांहीं प्रसंगीं, बुद्ध्या वस्त्रें टाकून लढत, एवढें मला मान्य करावें लागतें. सर्व केल्ट नव्हेत, नेहमीं नव्हे.

यांत ‘बुद्ध्या’ हा शब्द महत्त्वाचा. ज्यांच्यापाशीं वस्त्रें नाहींत त्यांची नग्नता ही दारिद्र्याची गोष्ट असते. या लोकांची तशी नव्हती. ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथील मिठाच्या खाणींत त्या काळचें कापड मिठामुळें टिकून राहिलें आहे. त्यांत रंगीत व चौकडीच्या विणीचे तुकडे आहेत. लोखंडी कड्यांचें चिलखत ही मुळांत गॉल लोकांची युक्ति, असें व्हॅरो या रोमन पंडितानें लिहून ठेविलें आहे. म्हणजे ज्या कड्यांच्या चिलखतांत पुढें रोमन सैनिक लढले, तें या ‘नागड्या’ लोकांकडून उचललेलें. आणि लिव्ही एके ठिकाणीं जें सहज सांगून जातो तें सर्वांत बोलकें आहे. ख्रिस्तपूर्व १८९ मध्यें मॅन्लियस व्हल्सो यानें गॅलेशियन लोकांवर स्वारी केली, तिच्या वर्णनांत तो म्हणतो कीं, उघडे लढत असल्यामुळें त्यांच्या जखमा स्पष्ट दिसत; अंग गोरेंपान व मांसल, कारण लढाईखेरीज तें कधीं उघडें पडतच नसे. ज्या माणसाचें शरीर एरवीं ऊन पाहत नाहीं तो मृत्यूसमोर जातांना मात्र तें उघडें करतो. ही संवय नव्हे. हा कांहीं तरी विधि आहे, संकल्प आहे. लग्नाला किंवा यज्ञाला बसतांना माणूस रोजचा वेष बदलतो, तसा हा वेष बदलणें आहे, फक्त उलट्या दिशेनें.

येथें नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहतो, व तो माझ्या पुतण्याच्या प्रश्नाहून कठीण आहे. असें करणें हें धैर्य काय? अॅरिस्टॉटलनें या लोकांचेंच नांव घेऊन या प्रश्नाचें उत्तर दिलेलें आहे. आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत, धैर्य म्हणजे भित्रेपणा व अविचार यांमधील मध्यम मार्ग, हें सांगत असतां तो म्हणतो कीं, ज्याला कशाचीच भीति वाटत नाहीं, भूकंपाची नाहीं कीं लाटांची नाहीं, जसें केल्टांविषयीं *म्हणतात*, तो माणूस वेडा किंवा संवेदनाशून्य म्हणावा लागेल. त्याला शूर म्हणतां येणार नाहीं. हें वाचतांना ‘म्हणतात’ या शब्दावर माझी नजर अडखळली. एवढा काटेकोर विचारवंत. पण उदाहरण आलें तें ऐकीव. समुद्राच्या लाटांवर शस्त्र घेऊन धांवणाऱ्या केल्टांची ती कथा ग्रीकांत प्रचलित होती. एफोरस तर लिहून गेला कीं, निर्भयतेचा अभ्यास म्हणून हे लोक आपलीं घरें भरतीच्या पाण्यांत बुडूं देतात व मग पुन्हां बांधतात. स्ट्रेबोनें यावर साधा आक्षेप घेतला: भरती-ओहोटी रोज दोन वेळां येते, ती त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना माहीत नसेल, हें संभवतें काय? एका समंजस भूगोलकारानें एका वाक्यांत कथेचा निकाल लाविला. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत मात्र ती उदाहरण म्हणून बसली ती बसलीच.

तथापि अॅरिस्टॉटलचा मुख्य मुद्दा उदाहरण चुकलें म्हणून चुकत नाहीं. ज्याला भीति माहीतच नाहीं त्याच्या निर्भयतेला किंमत नाहीं, हें मला मान्य आहे. वाद आहे तो एवढाच कीं, टेलामनचे गेसाटी तसे होते काय. आणि याविषयीं त्यांच्या शत्रूंनीं नकळत जी साक्ष देऊन ठेविली आहे ती मला फार मोलाची वाटते. लिव्ही सांगतो, गॅलेशियन योद्ध्यांना तरवारीची रुंद जखम झाली तर ते तिची पर्वा करीत नसत. कधीं कधीं तर कातडें आणखी चिरून ती मोठी करीत व तिचा अभिमान मिरवीत. पण बाणाचें टोक किंवा गोफणीचा दगड आंत रुतला, वरून जखम लहान दिसली व आंतून मात्र आग झाली, कीं तेच लोक चवताळत व लाजेनें जमिनीवर लोळत. एवढ्याशा वस्तूनें आपणांस मारावें, याचा त्यांना संताप येई. लिव्ही हें त्यांच्या मूर्खपणाचें उदाहरण म्हणून देतो. मला त्यांत उलट दिसतें. हा माणूस संवेदनाशून्य नाहीं. त्याला दुखतें, व तो रडतोहि. मृत्यूविषयीं त्याची एक अट आहे: तो समोरून यावा, हातभर अंतरावरून यावा, आणि पाहणाराला दिसावा. रुंद जखम दाखवितां येते. बारीक जखमेला कोणी साक्षी नसतो. टेलामन येथेंहि जे मागें हटले ते भीतीनेंच हटले, हें पॉलिबियस लपवीत नाहीं.

ज्याला भीति नाहीं त्याला वस्त्रें उतरविण्याचें कारण तरी काय? तो जसा आहे तसा लढेल. वस्त्रें उतरवितो तो, ज्याला पळून जाण्याचा विचार सुचूं शकतो व तो सुचण्याआधींच ज्याला परतीची वाट मोडून टाकावयाची असते. नांवेंतून उतरून नांव जाळणारा सेनापति भीतीला ओळखत असतो. मला वाटतें, सैन्याच्या अघाडीवर उघडे उभे राहिलेले ते पुरुष एकमेकांना व स्वतःला बांधून घेत होते. अॅरिस्टॉटलच्या कोष्टकांत त्यांना कोठें बसवावें हें मी निश्चित सांगूं शकत नाहीं. अविचाराच्या खणांत ते सहज बसत नाहींत, एवढें खरें.

परंतु येथें दुसऱ्या बाजूचा मोहहि ओळखला पाहिजे. युरोपांत गेल्या दोन-तीन शतकांत कवींनीं व चित्रकारांनीं या लोकांना निसर्गाचीं निष्पाप लेंकरें बनविलें, तेंहि मला पटत नाहीं. गेसाटी द्रव्यासाठीं आले होते. वाटेंतील गांवें लुटून आले होते. त्याच लढाईंत कॉन्सल आटिलियस पडला, तेव्हां त्याचें मस्तक कापून केल्ट राजांपुढें नेण्यांत आलें. गॅलेशियनांनीं आशिया मायनरमधील शहरांकडून वर्षानुवर्षें खंडणी उकळली; अॅटॅलसनें ती नाकारली म्हणून तर युद्ध झालें. परक्यांनीं लिहिलेल्या आपल्या इतिहासांत ‘लुटारू’ हा शब्द वाचून आपणां मराठी लोकांस राग येतो, व तो बरेचदां योग्यहि असतो. पण अठराव्या शतकांत बर्गी आले म्हणून बंगालमधील माता मुलांना भय घालून निजवूं लागल्या, व तें अंगाईगीत तेथें अजून म्हटलें जातें. त्या माता खोटें बोलत नव्हत्या. शत्रूची साक्ष ती शत्रूची म्हणून टाकून देणें हाहि एक आळसच आहे. घडलेली गोष्ट त्याच्याकडून घ्यावी; तिचा अर्थ मात्र त्याच्या हातीं सोंपवूं नये.

आणि अर्थाच्या बाबतींत पॉलिबियसला दोष देण्यापूर्वीं त्याचें एक वाक्य नमूद करणें मला कर्तव्य वाटतें. गेसाटींचा मोड झाल्यावर इन्सुब्रीस, बोई व टॉरिस्की हे कपड्यांतले केल्ट दोन्हीं बाजूंनीं कापले जात असतांहि जागा सोडीनात. ते धैर्यांत रोमनांच्या बरोबरीचे होते, कमी पडले ते केवळ शस्त्रांत, असें तो लिहितो. रोमचा मित्र असलेल्या लेखकाकडून याहून अधिक काय अपेक्षावें? दुसरीहि एक गोष्ट तो प्रामाणिकपणें सांगतो. समोरचे ते उघडे, धिप्पाड पुरुष व त्यांच्या शिंगांचा आणि आरोळ्यांचा कल्लोळ पाहून रोमन सैनिक हादरले. पण पुढच्या रांगेंतील प्रत्येकाच्या गळ्यांत व दंडांत सोनें होतें, आणि त्या लाभाच्या आशेनें त्यांना दुप्पट चेव आला. एका बाजूला सर्व काढून केवळ सोनें अंगावर ठेवणारे. दुसऱ्या बाजूला सर्व अंग झांकून त्या सोन्याकडे पाहणारे. यांतला रानटी कोण, हा प्रश्न विचारण्याची इच्छा होते. पण तोहि न्याय घाईचाच होईल. चिलखत घातलेला सैनिकहि घरीं परत जावयाचें मनांत धरूनच तें घालतो, व त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

त्या दिवशीं सुमारें चाळीस हजार केल्ट पडले व दहा हजार कैद झाले, असा पॉलिबियसचा आंकडा आहे. जुन्या लेखकांचे आंकडे फुगविलेले असतात असें धरून तो निम्मा केला तरी ती एका दिवसाची लढाई आहे. दोन राजांपैकीं काँकोलिटानस जिवंत सांपडला. दुसरा, अनेरोएस्टस, थोड्या सोबत्यांसह निसटला व एका जागीं जाऊन त्यानें त्यांचा व स्वतःचा अंत केला. एवढ्या सगळ्यांतून आपण आज कोणता प्रश्न विचारतों? त्यांच्या अंगावर कपडे होते काय. मुलानें तो विचारणें स्वाभाविक होतें. मोठ्यांनीं तेवढ्यावरच थांबावें, हें मला खटकतें.

नाताळांत पुतण्या पुन्हां आला तेव्हां मी तें पुस्तक आपण होऊन काढलें. त्याला सांगितलें कीं, मागें मी उत्तर दिलें तें विचार न करतां दिलें होतें. त्यांतले थोडे लोक मुद्दाम कपडे काढून लढत, बाकीचे तुझ्यामाझ्यासारखे कपडे घालून लढत, आणि ज्यांनीं काढले त्यांनीं कां काढले हें लिहिणारा त्यांच्यांतला कोणी नव्हता. त्यानें नीट ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, “आणि गळ्यांतलें कडें? तें कां नाहीं काढलें?” याचें उत्तर मजपाशीं नव्हतें. पुढें त्या कड्यांचें काय झालें, एवढेंच मी त्याला सांगूं शकलों. टेलामनहून कॉन्सल एमिलियस यानें केल्टांचीं निशाणें व गळ्यांतलीं कडीं रोमला पाठविलीं, व तीं कॅपिटॉल टेंकडीवर शोभेसाठीं लाविलीं गेलीं. चित्रांतला हा पुरुष त्या लढाईंतला नव्हे, तो दूर पूर्वेकडचा. पण त्याचा पुतळा आज त्याच टेंकडीवर आहे, आणि कडें त्याच्या गळ्यांत आहे.